आपद्ग्रस्तांच्या मनाची निगा

पूर ओसरला, आग विझली अथवा भूमीचा कंप थांबला म्हणजे शासनयंत्रणा हिशेबाला लागते. किती घरे पडली, किती गुरे दगावली, किती धान्य भिजले यांचे पंचनामे होतात आणि ते आवश्यकच असतात. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात मात्र एका हानीसाठी रकाना नसतो. ज्याने डोळ्यांदेखत घर वाहून जाताना पाहिले, ज्या मातेच्या हातातून मूल निसटले, त्यांच्या मनाची जी पडझड होते तिची नोंद तलाठ्याच्या दप्तरात करता येत नाही. ही हानी दिसत नाही म्हणून ती नसतेच, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होता. तो समज प्रथम ढळला भोपाळ येथे. म्हणून या विषयाचा विचार भोपाळपासूनच करणे इष्ट ठरेल.

भोपाळची रात्र आणि पुढचे महिने

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास भोपाळ शहरातील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट या विषारी द्रव्याची गळती सुरू झाली. सुमारे ४० टन द्रव्य वायुरूपाने कारखान्यालगतच्या दाट वस्त्यांवर पसरले. डोळ्यांची आग होऊन आणि श्वास कोंडून लोक झोपेतून उठले व वाट फुटेल तिकडे धावत सुटले. धावण्याने श्वास जोराने घेतला गेला आणि विष अधिक खोल गेले. नाकातोंडावर ओले फडके धरून जागच्या जागी राहिल्यास बचाव होऊ शकतो, एवढी साधी गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नव्हती.

अंधारात, डोळे उघडत नसताना, धावणाऱ्या माणसांच्या हातांतून मुलांचे हात सुटले. वृद्ध मागे राहिले. सकाळी जे जिवंत होते त्यांच्यापैकी अनेकांना आपण वाचलो याचा आनंद झाला नाही. आपण पळालो आणि आपले माणूस राहिले, ही टोचणी त्यांना लागली. मृतांची संख्या इतकी मोठी होती की, सामुदायिक दहन व दफन करावे लागले. कित्येकांना आप्ताचे अखेरचे दर्शन घडले नाही. ज्याचे मुख पाहिले नाही त्याच्या मृत्यूवर मन सहजी विश्वास ठेवीत नाही, आणि असा शोक वर्षानुवर्षे अर्धवट राहतो.

दोन आठवड्यांनी आणखी एक प्रसंग घडला. कारखान्यात शिल्लक राहिलेले विषारी द्रव्य कीटकनाशकात रूपांतरित करून संपविण्याचे काम १६ डिसेंबर रोजी हाती घेण्यात आले. या कामाला ‘ऑपरेशन फेथ’, म्हणजे विश्वासाची मोहीम, असे नाव होते. तत्कालीन मुख्यमंत्री अर्जुनसिंह यांनी त्या वेळी स्वतः कारखान्यात उपस्थित राहण्याचे जाहीर केले. तरीही लोकांनी गाठोडी बांधली आणि मोठ्या संख्येने शहर सोडले. याला घबराट असे नाव देण्यात आले. परंतु ज्यांना पहिल्या रात्री वेळेवर इशारा मिळाला नाही, ते दुसऱ्या वेळी आश्वासनावर विसंबले नाहीत, यात वेडेपणा कोणता? संकटकाळी विश्वासाची मोहीम संकटानंतर काढून भागत नाही. खरी, वेळच्या वेळी आणि एकाच तोंडाने दिलेली माहिती हे मनःस्वास्थ्याचे पहिले औषध होय, हे भोपाळने फार महागात शिकविले.

प्रारंभीच्या आठवड्यांत सर्व वैद्यकीय लक्ष डोळे व फुप्फुसे यांवर केंद्रित झाले होते, आणि ते योग्यच होते. मनाकडे पद्धतशीरपणे पाहण्यास दोन महिने लागले. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारतज्ज्ञांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने वायुग्रस्त भागांतील दवाखान्यांत येणाऱ्या ८५५ रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी १९३ जणांना, म्हणजे शेकडा २२.६ रुग्णांना, मानसिक विकार असल्याचे निदान झाले. त्यांत दर पाचांमागे सुमारे चार स्त्रिया होत्या, आणि बहुतेकांचे वय पंचेचाळिसाच्या आत होते. उदासीनता व चिंताविकार हेच विकार प्रामुख्याने आढळले. पुढे घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत प्रौढांमध्ये हे प्रमाण दर हजारी ९४ इतके दिसले.

या दोन आकड्यांतील तफावत समजून घेण्यासारखी आहे. दुसरा आकडा सर्व वस्तीचा आहे; पहिला केवळ दवाखान्याची पायरी चढलेल्यांचा. मन पिचलेला मनुष्य ‘मला दुःख झाले आहे’ असे सांगत दवाखान्यात जात नाही. त्याची छाती भरून येते, हातापायांना मुंग्या येतात, अन्न गोड लागत नाही, झोप लागत नाही. तो या तक्रारी घेऊन जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील रांगेत उभा असलेला दर चौथा-पाचवा रुग्ण असा असेल, तर त्याला ओळखण्याचे काम मनोविकारतज्ज्ञाची वाट पाहत थांबू शकत नाही. मध्यप्रदेशात असे तज्ज्ञ त्या काळी अत्यल्प होते. म्हणून बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, जी ‘निम्हान्स’ या नावाने परिचित आहे, एप्रिल १९८५ मध्ये सुमारे ५० वैद्यकीय अधिकाऱ्यांना सहा दिवसांचे प्रशिक्षण दिले. या देशातील आपत्तीनंतरच्या मानसिक आरोग्यसेवेची ती सुरुवात म्हणता येईल. सहा दिवस हा काळ थोडा खरा. पण त्या डॉक्टरांच्या एकंदर शिक्षणात या विषयाला तेवढाही वेळ क्वचितच मिळाला असेल.

भोपाळच्या हकिकतीला दुसरी बाजूही आहे व ती अधिक अवघड आहे. मनाकडे दुर्लक्ष करणे ही एक चूक. शरीराचे दुखणे ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकणे ही तिची जुळी बहीण. वायुग्रस्तांच्या फुप्फुसांना खरी इजा झालेली होती. तरीही धाप लागल्याची तक्रार करणारा मनुष्य भरपाईसाठी सोंग घेत असल्याची कुजबुज होत राहिली. रोग्यावर अविश्वास दाखविला की त्याचे दुखणे दुप्पट होते. नुकसानभरपाईची तडजोड १९८९ साली झाली. दरमहा २०० रुपयांचे अंतरिम साहाय्य १९९० पासून मिळू लागले. दरम्यान आणि त्यानंतरही कागदपत्रे, दाखले, तपासण्या व खेपा चालूच राहिल्या. मनोविकाराची कारणे मोजताना त्या एका रात्रीकडे सर्वांचे लक्ष जाते. रांगेत उभ्या राहून गेलेल्या वर्षांकडे फारसे कोणी पाहत नाही. कार्यालयातील खिडकीआडचा कारकून हाही या अर्थाने मानसिक आरोग्यसेवकच असतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

याच शहरात बऱ्या होण्याची एक वाटही दिसली. वायुपीडित स्त्रियांनी १९८६ साली आपली संघटना उभारली. शिवणकामाच्या केंद्रातून रोजगार, आणि दर शनिवारी उद्यानात भरणारी सभा, असा तिचा क्रम वर्षानुवर्षे चालला. मागण्या किती मान्य झाल्या हा प्रश्न निराळा. परंतु ज्या स्त्रिया त्या रात्रीपूर्वी घराच्या उंबऱ्याबाहेर क्वचित पडत, त्यांना आठवड्यातून एकदा समदुःखी बायकांमध्ये बसण्यास व बोलण्यास हक्काची जागा मिळाली. कोणत्याही औषधाच्या बाटलीवर हा गुण लिहिलेला नसतो.

स्वाभाविक काय आणि विकार कोणता

आपत्तीनंतर झोप उडणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणे, किंचित आवाजाने दचकणे, रडू येणे किंवा अजिबात न येणे, देवावर वा सरकारवर संतापणे, हे सर्व स्वाभाविक आहे. बहुसंख्य माणसे निवारा, अन्न, आप्तांचा सहवास आणि हाताला काम मिळाले की काही आठवड्यांत हळूहळू सावरतात. प्रत्येक आपद्ग्रस्ताला मनोरुग्ण समजणे हा त्याचा अपमान तर आहेच. शिवाय ज्यांना खरोखर उपचार हवेत ते त्या गर्दीत हरवतात.

तथापि काहीजण सावरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार, युद्ध व संघर्ष यांनी होरपळलेल्या प्रदेशांत दर पाचांपैकी सुमारे एका व्यक्तीला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो; त्यांतील बहुतेक सौम्य असले, तरी शेकडा पाच जणांचा विकार तीव्र असतो. महिना उलटूनही जो अंथरुणातून उठत नाही, जी माता तान्ह्या मुलाला पाजण्याबाबत उदासीन झाली आहे, जो एकटाच पुटपुटतो अथवा ‘आता जगून काय करायचे’ असे बोलतो, त्याला विनाविलंब आरोग्य केंद्रात नेले पाहिजे. आत्महत्येचे बोल हे केवळ बोलच असतात, हा समज घातक आहे. तसा विचार मनात येतो काय, हे आपुलकीने विचारल्याने तो बळावत नाही. उलट मनावरचे ओझे उतरते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरण्यास सांगितले असून, तिला उपचार व आधार देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. गावातील पोलीस-पाटलांनी व पंचांनी हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

किल्लारी : घर मिळाले, गल्ली गेली

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड धाबी अंगावर कोसळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले. इतक्या मोठ्या प्रमाणावर झालेले ते काम निःसंशय प्रशंसनीय आहे. पण नव्या गावांची आखणी रुंद सरळ रस्त्यांची व स्वतंत्र भूखंडांची होती. जुन्या गावातील अरुंद गल्ली, भिंतीला भिंत लागून असलेली शेजारघरे, ओसरी आणि पार यांना नकाशात स्थान मिळाले नाही. ज्या म्हातारीने पन्नास वर्षे एकाच शेजारणीशी संध्याकाळी गप्पा मारल्या, तिला नवे पक्के घर मिळाले. शेजारीण मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. स्थापत्यविशारदाला ही बाब गौण वाटेल. शोकग्रस्त मनाला ती गौण नसते. पुनर्वसनाचा आराखडा करताना भूखंडांच्या चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी ‘तुमच्या शेजारी कोण हवे?’ एवढा एक प्रश्न विचारण्यास फारसा खर्च येत नाही.

निवारा केंद्रातील व्यवस्था

आपत्काळातील मानसिक आरोग्यासंबंधी संयुक्त राष्ट्रसंघाशी संलग्न व इतर मदतसंस्थांनी मिळून २००७ साली मार्गदर्शक सूत्रे तयार केली, आणि भारताच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ साली आपली सूत्रे प्रसिद्ध केली. दोहोंचा आशय असा की, मनाची काळजी हा निराळा विभाग नसून अन्न, पाणी व निवारा देण्याच्या रीतीतच तिचा निम्मा भाग सामावलेला असतो. तज्ज्ञांच्या उपचारांची गरज थोड्यांना लागते. मानाने वागविले जाण्याची गरज सर्वांना असते.

शाळेच्या इमारतीत पूरग्रस्तांना उतरविले की हे तत्त्व प्रत्यक्ष कसोटीला लागते. एका कुटुंबाची माणसे एकाच खोलीत राहावीत, आणि शक्यतो एका वाड्यावरील कुटुंबे शेजारी-शेजारी असावीत. स्त्रियांच्या शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा नसेल, तर त्या सूर्यास्तानंतर पाणी पिण्याचे टाळतात आणि रात्रभर जागतात. ही जागरणे कोणत्याही गोळीने बरी होणारी नाहीत. ठरलेल्या वेळी, दिवसातून दोनदा, एकाच जबाबदार अधिकाऱ्याने उभे राहून पाण्याची पातळी किती, रस्ता केव्हा खुला होईल, पंचनामा कोणत्या दिवशी, हे सांगावे. माहिती नसेल तर ‘अद्याप कळलेले नाही, संध्याकाळी सांगतो’ असे म्हणावे आणि संध्याकाळी खरोखरच सांगावे. स्वयंपाक बाहेरून आणून वाढण्यापेक्षा शिधा देऊन लोकांनाच चूल मांडू द्यावी. जो मनुष्य कालपर्यंत घरचा कर्ता होता, त्याला ताट धरून रांगेत उभे करण्यापेक्षा लाकूडफाटा, पाणी अथवा यादी यांपैकी एखाद्या कामाची जबाबदारी द्यावी. मदतवाटपाचे छायाचित्र काढताना घेणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळविण्याची हौस तर सर्वांनीच सोडली पाहिजे.

मृतदेहांच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार उफाळतो. अपघाती वा नैसर्गिक आपत्तीत मरण पावलेल्यांच्या देहांमुळे साथ पसरते, या भीतीने ओळख न पटविता घाईने विल्हेवाट लावली जाते. वैद्यकीय दृष्ट्या ही भीती निराधार आहे. छायाचित्र, अंगावरील खुणा व वस्तू यांची नोंद करून देह नातलगांच्या स्वाधीन करावा. त्यांना आपल्या धर्माप्रमाणे अंत्यविधी, दहावे-तेरावे वा प्रार्थना करता याव्यात अशी सोय पाहावी. विधी हे समाजाने शोकासाठी बांधलेले घाट होत.

शोकाकुल व्यक्तीशी बोलावे कसे, याविषयी कार्यकर्त्यांच्या मनात संकोच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली अन्य संस्थांसमवेत प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत या प्राथमिक मानसिक मदतीची तीन अंगे सांगितली आहेत : पाहणे, ऐकणे आणि योग्य त्या मदतीशी जोडून देणे. घडलेला प्रसंग एकाच बैठकीत खोदखोदून वदवून घेण्याची पद्धत पूर्वी पाश्चात्त्य देशांत रूढ होती. तिचा लाभ होत नसल्याचे, प्रसंगी अपायच होत असल्याचे पुढे दिसून आले. बोलायचे असेल त्याला बोलू द्यावे. नसेल त्याच्याजवळ स्वस्थ बसावे. ‘रडू नका’, ‘देवाची मर्जी’, ‘निदान धाकटा तरी वाचला’ ही वाक्ये सांत्वन करीत नाहीत, समोरच्याचे तोंड बंद करतात. झोपेच्या गोळ्या सरसकट वाटणे हाही सोपा वाटणारा परंतु चुकीचा मार्ग आहे.

मुलांच्या बाबतीत शिक्षकांचे स्थान डॉक्टरांच्याही पुढचे मानावे लागेल. लहान मूल दुःख शब्दांत सांगत नाही. ते पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईचा पदर सोडीत नाही, किंवा चिडखोर बनते. पूर-पूर किंवा भूकंप-भूकंप असा खेळ मुले खेळताना दिसली, तर त्यांना दटावू नये. ती आपल्या परीने तो प्रसंग पचवीत असतात. वर्ग झाडाखाली का होईना, लवकर सुरू व्हावेत. हजेरी, प्रार्थना, घंटा आणि मधली सुट्टी यांचा नित्यक्रम परत आला की जग पुन्हा जागेवर आल्याची खूण मुलाला पटते. निवारा केंद्र म्हणून घेतलेली शाळा महिना महिना अडकवून ठेवणे या दृष्टीनेही योग्य नव्हे.

जे आधीपासून आजारी आहेत

या साऱ्या धांदलीत सर्वांत आधी विसर पडतो तो पूर्वीपासून मनोविकाराने वा अपस्माराने आजारी असलेल्यांचा. त्यांच्या गोळ्या घरासोबत वाहून जातात. चार दिवस औषध चुकले की फेफरे येते, जुना भ्रम उसळतो, आणि मग तो मनुष्य ‘केंद्रात गोंधळ घालणारा’ ठरतो. रोज मद्यपान करणाऱ्याचे मद्य अचानक तुटले, तर दोन-तीन दिवसांत त्याला कंप सुटतो, झटके येतात, भलतेसलते दिसू लागते. ही जिवावर बेतणारी अवस्था आहे. तिला बांधून ठेवणे हा उपाय नसून रुग्णालयात नेणे हा आहे.

उपचारांसाठी तज्ज्ञच हवा असे मात्र नाही, आणि याचा पुरावा गोव्यातच मिळाला आहे. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे शिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत नेमले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील उदासीनता व चिंताविकाराचे रुग्ण या समुपदेशकांच्या साहाय्याने अधिक प्रमाणात बरे झाले. तसे पाहिल्यास मनाच्या व्यापारांचा शोध घेण्याची परंपरा या भूमीला जुनीच आहे : संमोहनाचे रहस्य संमोहनकाराच्या शक्तीत नसून संमोहित व्यक्तीच्या मनात असते, हे प्रतिपादन करणारे अबे फारिया कांदोळीचेच. पणजीतील त्यांच्या पुतळ्यासमोरून रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. आज टेली-मानस ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली. निवारा केंद्राच्या फळ्यावर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा.

मदतकार्य करणाऱ्यांच्या मनाचाही प्रश्न आहे. मृतदेह उचलणारे अग्निशामक जवान, सलग तीन रात्री जागणारा मामलेदार कार्यालयातील कर्मचारी, स्वतःचे घर पाण्यात असताना दुसऱ्यांच्या यादीत गुंतलेली अंगणवाडी सेविका, यांना पाळीपाळीने विश्रांती देणे हे वरिष्ठांचे कर्तव्य आहे. ही मेहेरबानी नव्हे. थकलेला मनुष्य कठोर बोलतो, आणि ते बोल आपद्ग्रस्तांच्या स्मरणात पुरापेक्षा अधिक काळ राहतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा यांना, आणि जुलै २०२१ मध्ये सत्तरी व डिचोली तालुक्यांतील नद्यांना महापूर आले. पाऊस कोणत्या महिन्यात येतो हे सर्वांनाच माहीत असते. नदीकाठच्या गावांतील नियमित औषध घेणाऱ्या मनोरुग्ण व अपस्माराच्या रुग्णांची यादी आरोग्य सेविकेने मे महिन्यात अद्ययावत करावी, महिन्याभराच्या गोळ्या आरोग्य केंद्रात राखून ठेवाव्यात, आणि यादीची एक प्रत, रुग्णाचे नाव चारचौघांत उघड होणार नाही अशा रीतीने लिफाफ्यात बंद करून, निवारा केंद्र होणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्यावी.